सुनांची जीभ का वळत नाही

सेलू, रविवार

तीर्थस्वरूप अक्का,

शरणू शरणार्थ. तुझ्या मन्मथाचा बसल्या जागेवरूनच दंडवत. (वाकूनच घालणार होतो, पण मागच्या महिन्यात कापडाचा गठ्ठा उचलताना कंबर जी धरली ती अजून सोडायला तयार नाही, तेव्हा घातला असं मानून घे.) महादेवाच्या कृपेनं इकडं आम्ही सगळे ठीक आहोत. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींची शुगर किती आहे हे मी विचारत नाही, कारण ते सांगतात तो आकडा कधी खरा नसतो आणि तू खरा सांगायला लागलीस की ते खोलीतून उठून जातात. त्यांनाही नमस्कार सांग आणि बालूशाहीचा डबा त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नको.

तुला वाटेल, खिशात मोबाईल असताना ह्याला पत्र लिहायची काय हुक्की आली. तर अक्का, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. तुझा फोन आला की मी नुसतं हं म्हणतो, आणि माझे चार हं जमले की तू त्यांचा एक होकार करतेस. अमावस्येच्या दिवशी तू धनश्री आणि शिवप्रकाशचा विषय काढलास तेव्हाही मी हंच म्हणालो होतो. त्यावर परवा उदगीरच्या सोनाराचा मला फोन, की मामासाहेब, पोरीच्या बोटाचं माप पाठवा. मी दुकानात गिऱ्हाइकासमोर शर्टपीस पसरून बसलेलो, मला आधी वाटलं कोणी टोपीचं माप विचारायलाय. म्हणून ठरवलं की आता लिहूनच कळवायचं. कागदावर हं नसतो.

तुझा सवाल मला पक्का ठाऊक आहे. धनश्री तुझी सून होणार की नाही, महाशिवरात्रीच्या आत सांग. भावाची लेक बहिणीच्या घरात द्यायची ही आपल्यातली रीत, आणि तू मोठी, तुझा शब्द ह्या घरात आजवर कोणी खाली पडू दिला नाही, हेही ठाऊक आहे. उत्तर मी देणार आहे. पण ते द्यायच्या आधी तुला जिभांचं प्रकरण सांगितलं पाहिजे, कारण त्याच्याशिवाय तुला उत्तर कळणार नाही. (कळेल, पण पटणार नाही.)

तर आपली धनश्री परभणीला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि ह्या वर्षी तिला मानवी आनुवंशिकी नावाचा विषय आहे, म्हणजे आईबापाकडून लेकराकडं काय काय जातं त्याचा अभ्यास. तू म्हणशील की यासाठी कॉलेजात कशाला जायला पाहिजे, बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती उभ्या राहून नाक कोणाचं आणि कपाळ कोणाचं हे ठरवूनच उठतात. मीही तिला हेच म्हणालो होतो. ती म्हणाली, पप्पा, त्या बायका नाक बघतात ते बरोबरच आहे, पण मोजत नाहीत. आणि मोजायचं कसं याचा एक वेगळाच पेपर आहे, संख्याशास्त्राचा. तेव्हापासून पोरगी शनिवारी सेलूला घरी आली की आमच्यापैकी कोणाचा ना कोणाचा एखादा अवयव मोजायलाच घेते. माझ्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे. तुझी सुटी आहे. (हे मला सत्तावन्न वर्षांत माहीत नव्हतं. आरशात बघितलं तर खरंच.) गाडीत बसली तर समोरच्या प्रवाशांचे कान बघत बसते. मानवत रोडला चढलेल्या एका बाईनं एकदा तिला विचारलंच की पोरी, माझ्या कुड्या आवडल्यात का.

संख्याशास्त्र मात्र मला तिनं दुकानात बसून शिकवलं आणि मला ते पटकन आलं, ही गोष्ट मी दाजींच्या कानावर मुद्दाम घालू इच्छितो. ती म्हणाली, सरासरी म्हणजे काय? मी म्हणालो, सरासरीवर धंदा केला असता तर केव्हाच उठून गेलो असतो. समज, सेलूतल्या गड्यांच्या छातीची सरासरी चाळीस निघाली आणि मी सगळे शर्ट चाळीसचेच आणून ठेवले, तर निम्म्या लोकांना बटण लागणार नाही आणि उरलेल्यांच्या अंगावर ते खुंटीवर टांगल्यागत लोंबतील. माल भरायचा तर लोक चाळीसच्या इकडं किती आणि तिकडं किती सांडलेत हे बघावं लागतं. ती उठून उभीच राहिली. म्हणाली, पप्पा, यालाच प्रमाण विचलन म्हणतात, आमच्या वर्गात निम्म्यांना हे अजून कळलेलं नाही. मी त्या दिवशी चहात साखर जास्त घेतली.

आता मुख्य प्रकरण. शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागतो, त्याच्यावर तोंडी परीक्षा असते आणि ती चांगली गेली तर पुढं संशोधनाला जागा मिळायचा संभव असतो. धनश्रीच्या मार्गदर्शक सुकेशनी मॅडम म्हणून आहेत, बारीकशा, शांत, बोलायच्या आधी चष्मा पुसतात. त्यांनी तिला सांगितलं की काही साधी लक्षणं घे, कानाची पाळी, अंगठ्याचा बाक, आणि जीभ दोन्ही कडांनी वर वळवून तिची नळी करता येते की नाही. हे काही माणसांना येतं, काहींना कितीही केलं तरी येत नाही. (तू आत्ता करून बघितलंस हे मला माहीत आहे. दाजींनाही करायला लाव.) पूर्वी म्हणत की हे एकाच जनुकावर असतं, आता म्हणतात की ते तितकं सरळ नाही, पण माणसं मोजायला शिकण्यापुरतं चालतं. शंभरेक माणसं पाहिजेत, म्हणाल्या.

आता शंभर माणसं जीभ काढायला कुठं मिळणार? तेवढ्यात पेडगावच्या भगवानरावाच्या नातवाचं जावळ आणि लिंगधारणा निघाली. भगवानराव म्हणजे आपला चुलतभाऊ, त्यानं बोलावलं की अख्खं भावबंद जमा होतं. (तू गुडघ्यांमुळं आली नाहीस, आणि पुढचं सगळं वाचल्यावर तुला त्याचं वाईट वाटणार आहे.) धनश्री म्हणाली की एकाच मांडवात सगळी मिळतील. मी म्हणालो, तू एकटी कशी बसशील, कोण कोणाचं हे तुला कुठं माहीत, मी बसतो टेबलापाशी आणि नावं सांगतो. मला वाटलं आपण बापाचं कर्तव्य करायलोय. टोपी घालून, खुर्चीवर, मांडवाच्या तोंडाशीच मी बसलो.

पहिले गडी आले. त्यांनी तर शर्यतच लावली. ज्याला वळवता आली तो दुसऱ्याला दाखवत फिरायला लागला. खुद्द भगवानरावाला येईना. त्यानं बोटांनी दोन्ही कडा धरून वळवून बघितली, सोडली की सपाट. मग म्हणाला तंबाखूनं जड झाली, आठ दिवस सोडतो आणि मग लिही. धनश्रीनं लगेच नाही असं लिहिलं तर तो माझ्याशी निघेपर्यंत बोलला नाही. आलेल्या स्वामींपुढं मात्र ती अडली. स्वामी म्हणाले, आम्ही जीभ नामस्मरणाला दिलेली आहे, तिचे दुसरे उपयोग आम्हाला ठाऊक नाहीत. हे होय धरायचं की नाही, याच्यावर ती बराच वेळ पेन्सिल चावत बसली. एक म्हातारी तीनदा आली, कारण तिला वाटलं जीभ बघून आता गोळ्या देतील.

मग बायका आल्या. आधी आपल्या घरच्या लेकी, सासरहून आलेल्या. अक्का, काय सांगू, त्या मांडवात शिरल्या आणि हनुवटीपर्यंत जिभा काढून मोकळ्या. माहेरी आलेल्या, कशाला भितात? जवळपास सगळ्यांना येत होतं. त्यांच्यामागं सुना आल्या. डोक्यावर पदर, मान खाली, एकीनं ओठ जरासे उघडल्यासारखे केले आणि म्हणाली, येत न्हाई. दुसरीलाही येत न्हाई. तिसरी आलीच नाही, तिनं लांबूनच हातानं खूण केली. मी शेजारी बसून मोठ्या मनानं म्हणत होतो, राहू दे राहू दे, येत नसलं तर नसू दे, त्यात काय लाज.

यात एक मनिषा होती. भगवानरावाच्या बहिणीची लेक, म्हणजे त्याची भाची, आणि तिलाच त्यानं मागल्या साली सून करून घेतलेली. ती लहानपणच्या सवयीनं पळतच आली, मामा मामा करत, आणि निम्मी जीभ बाहेर आली तेव्हा तिला एकदम आठवलं की आपण आता ह्या घरची सून आहोत आणि समोर चुलत सासरा बसलाय. ती निम्मी जीभ तिनं जी आत घेतली ती परत काढलीच नाही. धनश्रीनं विचारलं, लेकीच्या रकान्यात लिहू का सुनांच्या? ती म्हणाली, आता सुनांच्याच लिही बाई. आणि येत न्हाई लिही.

परभणीला जाऊन धनश्रीनं हे सगळं संगणकात घातलं. काय-स्क्वेअर नावाची एक चाचणी असते (नाव असंच आहे, मी दोनदा विचारून घेतलं), तिच्यानं कळतं की दोन गटांत पडलेला फरक निव्वळ योगायोगानं पडला असेल की त्याच्यामागं काही कारण आहे. तर लेकी आणि सुना यांच्यातला फरक योगायोगानं पडायची शक्यता निघाली शून्य, टिंब, आणि पुढं शून्यांची रांगच रांग. वर्गातल्या पोरांनी तोंडात बोटं घातली. म्हणे इतका ठळक निकाल त्यांच्याकडं कोणाचाच आला नव्हता. धनश्रीनं त्याचं स्पष्टीकरणही मांडलं, की सुना बाहेरगावच्या, निरनिराळ्या घराण्यांतल्या, त्यांच्यात हे लक्षण कमी असावं.

मला तिनं फोनवर सांगितलं आणि अक्का, मला एवढा अभिमान वाटला म्हणतेस. आपल्या घराण्याच्या लेकींची जीभ वळते आणि बाहेरून आणलेल्यांची वळत नाही, हे आता शास्त्रानं सिद्ध झालं. मी समोरच्या किराणावाल्याला सांगितलं, बँकेतल्या साहेबाला सांगितलं, दोन व्याह्यांना खामखा फोन करून सांगितलं. (एकानं त्यानंतर माझा फोन उचललेला नाही.) रात्री जेवताना धनश्रीच्या आईला, चन्नबसम्मालाही सांगितलं, की बघ, तुमच्या अहमदपूरकडं हा गुणच नाही. तिनं ताटात भाकरी वाढली आणि भाजी वाढली आणि काही बोलली नाही. ती बोलत नाहीच. तुला माहीतच आहे, तूच तर पसंत केली होतीस, आणि येऊन अण्णांना सांगितलं होतंस की पोरगी गरीब गाय आहे, तोंडात जीभ नाही.

मग सुकेशनी मॅडमनी सगळा तक्ता बघितला. चष्मा पुसला. जिभांबद्दल त्यांनी अवाक्षर विचारलं नाही. एवढंच विचारलं, हे सगळं लिहून घेताना टेबलापाशी कोण बसलं होतं?

धनश्री म्हणाली, माझे पप्पा.

मॅडम म्हणाल्या, ह्या सुनांचे ते कोण लागतात?

तिथं पोरीच्या डोक्यात उजेड पडला. तिला मनिषाही आठवली. लहानपणी पेडगावच्या अंगणात मनिषा तिला जिभेची नळी करून चिडवायची. मग लग्न झाल्यावर ती नळी गेली कुठं? आईबापानं दिलेला गुण अक्षता पडल्या म्हणून जात नाही. अक्का, मी ज्यांचा सासरा, चुलत सासरा नाहीतर मोठा दीर लागतो, त्या बायका माझ्यासमोर कधी मोठ्यानं हसलेल्या नाहीत, त्या जीभ काढून दाखवणार होत्या? आणि मी तिथं टोपी घालून बसलो होतो, राहू दे राहू दे म्हणत.

दुसऱ्या खेपेला धनश्री पेडगावला गेली तेव्हा मला बरोबर नेलं, कारण भगवानरावाचा रुसवा काढायचा होता, पण घरात पाय ठेवू दिला नाही. मला लांब गोठ्यापाशी बाजेवर बसवलं. बायका सगळ्या आत, दार लोटलेलं. थोड्या वेळानं आतून असं हसू यायला लागलं की बांधलेली म्हैस कान टवकारून उभी राहिली. भगवानराव मला विचारायलाय, आत काय चाललंय. मी म्हणालो, संशोधन. तो म्हणाला, आपल्या घरात एवढं हसू असतंय हे मला मालूम नव्हतं. मलाही नव्हतं.

निकाल काय लागला ते तुझ्या ध्यानात आलंच असेल. सुनांच्या जिभा लेकींइतक्याच वळतात. थोडा फरक होता तो नुसता योगायोगाचा. मनिषाची तर अशी वळते की तिनं म्हणे त्यातून पाणी ओढून दाखवलं. मी म्हणालो, चला, जुना कागद फाडून टाक. पण मॅडम म्हणाल्या, फाडायचा नाही, तोच तर सगळ्यात कामाचा आहे. त्यांनी तिला दोन्ही तक्ते प्रबंधात घालायला लावले आणि मध्ये एक परिच्छेद लिहायला लावला, माहिती गोळा करताना झालेली चूक म्हणून. त्यात चुकीचं कारण असं छापलंय: तपासणीच्या जागी ज्येष्ठ पुरुष नातेवाइकाची उपस्थिती. तो ज्येष्ठ पुरुष नातेवाईक म्हणजे तुझा भाऊ. आपल्या घराण्यातलं कोणी आजवर पुस्तकात छापून आलं नव्हतं.

घरी आल्यावर जेवण झालं आणि धनश्रीनं आईला विचारलं, आई, तुझं राहिलंच की. मी आपला उठून बाहेर निघालो. म्हटलं आता शहाणपण आलंय तर वापरावं. तर चन्नबसम्मा म्हणाली, बसा. मी बसलो. तिनं पदर सारखा केला आणि जीभ काढली. अक्का, तिची नळी तर झालीच, पण नंतर तिनं ती अशी दुमडली की तिचे तीन भाग झाले, थेट बेलाचं पान. धनश्री ओरडलीच. म्हणाली, हे फार थोड्या लोकांना जमतं, पुस्तकात नुसता फोटो बघितलाय. मी विचारलं, हे तुला कधीपासून येतं. ती म्हणाली, लहानपणापासून, अहमदपूरला सगळी गल्ली बघायला यायची. आणि भांडी घेऊन आत गेली. मला गंमत वाटली हे खरं आहे, पण त्याहून वाईट जास्त वाटलं. एका घरात एवढी वर्षं राहून माणसाची अशी गोष्ट आपल्याला माहीत नसावी.

असो. आता तुझ्या सवालाकडं येतो, आलोच.

प्रबंधाच्या शेवटी वंशावळ काढावी लागते. गड्यांना चौकोन, बायकांना गोल, नवराबायकोला मधून एक रेघ. आणि नवराबायको जर आधीच एकमेकांच्या रक्ताचे असले तर दोन रेघा. धनश्री मागल्या रविवारी सकाळी हे काढायला बसली आणि संध्याकाळपर्यंत तिचं खोडरबर संपलं. आपले अण्णा आणि अव्वा मामा-भाची. म्हणजे अण्णांची आई ती आपली आजीही झाली आणि अव्वाच्या आईची आई म्हणून पणजीही झाली. एका म्हातारीला दोन ठिकाणी बसवायचं कसं? वरच्या पिढ्यांतही तेच. दुसऱ्या पोरांच्या वंशावळी झाडासारख्या खालून वर फुटत गेल्या होत्या, आपली बाजेसारखी विणली गेली. सगळीकडं दोन रेघा. सगळ्यात खाली एका टोकाला धनश्रीचा गोल आणि दुसऱ्या टोकाला शिवप्रकाशचा चौकोन.

ते बघून मला तुझी आठवण आली. आणि मी तिला सहज म्हणून विचारलं, की समज इथं कोणी अजून दोन रेघा ओढल्या तर शास्त्र काय म्हणतं? तेव्हा कळलं की शास्त्राचा ह्याला लय मोठा विरोध आहे. आते-मामे भावंडांनी लग्न केलं तर निम्म्या लेकरांना काही ना काही निघतंच, असं शास्त्रज्ञ म्हणतात. निम्म्या, अक्का. आता तूच सांग, मी मामा म्हणून आणि तू आई म्हणून हे डोळ्यांनी बघत कसं पुढं जायचं? माझी तर फार इच्छा होती. शिवप्रकाशसारखा जावई मला दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही, स्वतःचं मेडिकल आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, आणि माझ्याशी बोलताना मोबाईल खिशात ठेवतो. पण शास्त्रापुढं माझा इलाज नाही. माझ्या हातात असतं तर मी त्या सोनाराला स्वतः माप पाठवलं असतं. तू समजून घेशील अशी खात्री आहे.

दाजींना नमस्कार, शिवप्रकाशला आशीर्वाद. राग मानू नको, आणि मानलास तर फोनवर ओरड, पत्रानं उत्तर पाठवून मला टांगून ठेवू नको.

तुझा धाकटा,
मन्मथअप्पा

ता. क. हे पत्र पाकिटात घालायच्या आधी धनश्रीच्या हाती लागलं आणि तिनं ते तांबड्या पेनानं तपासलं. वर निम्म्या असं जे लिहिलंय ते चूक आहे, असं तिच्या सांगण्यावरून कळवतो. साध्या लग्नात शंभर लेकरांमागं दोन-तीन लेकरांना जन्मतः काही मोठा दोष निघतो, आते-मामे भावंडांच्या लग्नात चार ते सहा. आपल्याकडं मागंही अशी लग्नं झालेली आहेत म्हणून अजून थोडं वर, पण किती ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त ठणठणीत. मी तिला म्हणालो, बाई, राहू दे की निम्मं, आत्याला कोण तपासायला सांगणार आहे? तर म्हणाली, पप्पा, कोणाला घाबरवायला मी आकडा फुगवणार नाही, एकदा सुनांच्या जिभांचं झालं तेवढं पुरे. एवढी शिकलेली पोरगी, पण बापाला वेळेवर एक आकडा देईना.

ता. क. दुसरा. तेव्हा आता खरी विनंती करतो, जी मला वरच करायची होती पण धाडस होईना. अक्का, तूच नाही म्हण. मी धाकटा, मी तुझा शब्द मोडला तर सगळं भावबंद मला तोंडावर बोलेल आणि तू बोलणार नाहीस, ते मला जास्त लागेल. तू मुलाची आई आहेस, तू मागं सरलीस तर कोणी विचारणारही नाही. कुठलंही कारण काढ. पोरगी काळी आहे म्हण, जास्त शिकली म्हण, मामा कंजूष आहे म्हण, मी सगळीकडं हो म्हणतो. धनश्रीला इतक्यात लग्न करायचं नाही, तिला पुढं शिकायचंय, आणि शिवप्रकाश तिला भावासारखा वाटतो. लहानपणी दोघांना एका ताटात तूच जेवायला घालायचीस, ते कुठं जाईल? पण हे मी सांगितलंय असं तू कोणाला सांगू नको. एवढं माझ्यासाठी कर. पाकीट डकवून टपालात टाकायला चन्नबसम्माकडं देतोय.

अक्का, नमस्कार. मी चन्नबसम्मा लिहायलेय. यांनी पाकीट उघडंच दिलं म्हणून वाचलं. तुमी न्हाई म्हणायची काही गरज न्हाई. न्हाई आमचं हाय, ते आमीच म्हणावं. आकड्याचं पण काही मनावर घेऊ नका, आकडा शून्य असता तरी उत्तर हेच होतं. धनश्रीला मी समोर बसवून विचारलं. ती म्हणाली, शिवप्रकाश लय चांगला हाय, पण मला त्याच्याशी लग्न करायचं न्हाई. माझ्यासाठी तेवढं पुरे झालं, तुमाला पण पुरावं. राग आला तर माझ्यावर काढा, यांच्यावर काढू नका, हे आठ दिवस झाले जेवत न्हाईत धड. तुमी मला बघायला अहमदपूरला आल्त्या, चहा घेतला, माझी चाल बघितली, आणि तिथल्या तिथं ठरवून गेल्या. मला कुणी काही विचारलं न्हवतं. विचारलं असतं तर मी होच म्हणले असते. पण हे यांना सांगू नका.